आधी वेदीकडे बघ

मेक्सिकन लघुपटांची सुरुवात रेने कास्तियोच्या 'आस्ता लोस वेसोस'पासून (2001) कर. दहा-बारा मिनिटांचं बाहुल्यांचं ॲनिमेशन. मेलेला माणूस मृतांच्या जगात आधी घाबरतो, मग तिथेच रमतो. पुढे कौटुंबिक गोष्टींत, मेक्सिकोत गेलेल्यांच्या आठवणीच्या सणाला ('मृतांचा दिवस') घरात मांडतात त्या वेदीवर नजर ठेव. 1 नोव्हेंबर गेलेल्या मुलांचा, 2 नोव्हेंबर मोठ्यांचा. फोटो, पाणी, मीठ, कोपालचा (एक सुगंधी राळ) धूर आणि झेंडू (हो, तो मूळचा तिकडचाच). कुणाचा फोटो मागे सरकवलाय, कुणाच्या आवडीचं कोण रांधतंय, यावरून घरातला अबोला कळतो. सबटायटल वाचताना हे निसटतं, म्हणून दुसऱ्यांदा ती बंद करून बघ. नुसत्या रंगीत कवट्या मिरवणारे मी अर्ध्यात सोडतो. मेक्सिकोतल्या मोरेलिया शहराच्या चित्रपट महोत्सवातल्या लघुपटांची यादी मात्र दरवर्षी चाळत जा.