हप्ता थकला, तगादा सुरू झाला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एकवीस वर्षं मी एका बँकेच्या वसुली विभागात काम केलं. आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणजे कर्जात अडकलेल्यांच्या शेजारी. या वेळी आलेल्या पत्रांमध्ये रकमा वेगवेगळ्या आहेत, भीती मात्र एकच. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पर्सनल लोनचे चार हप्ते थकलेत. एजंट मला फोन करतोच, पण माझ्या साहेबांना आणि मेव्हण्यालाही करतो. परवा व्हॉट्सॲपवर माझ्या नावाचं ‘अटक वॉरंट’ आलं. मला अटक होईल का? (पिंपरी)

त्या वॉरंटमुळे नाही. वॉरंट कोर्ट काढतं, एजंटच्या मोबाइलमधून ते येत नाही. पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे, गुन्हा नव्हे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. तुम्ही दिलेला चेक परत गेला असेल, तर 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम, लागतं. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर त्याला 2007च्या पेमेंट सिस्टीम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. यात आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस मिळतात. तरीही भरले नाहीत, तर कोर्टात तक्रार होते आणि समन्स निघतं. समन्स खरं की खोटं, हे घरबसल्या कळतं. प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून पाहा. खरं समन्स असेल, तर तारखेला हजर राहायलाच हवं. खरं वॉरंट निघतं ते तारीख बुडवल्यामुळे.

आता फोनचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केलंय की थकलेल्या कर्जासाठी सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7च्या नंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. एजंटने हे मोडलं, तरी जबाबदारी बँकेचीच राहते.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वेळ, नंबर, कोण बोललं, काय बोललं. एका ओळीत लिहिलं होतं, ‘सकाळी 7.10, शाळेत येऊन सांगतो म्हणाला.’ आम्ही त्या पानांचे फोटो काढून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केले. खाली दोन ओळी लिहिल्या: माझं उत्पन्न इतकं आहे, दरमहा इतके भरू शकते. आठवडाभरात एजन्सी बदलली आणि बोलणाऱ्याचा सूरही.

तुम्हीही तेच करा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. हेल्पलाइन 14448, खर्च शून्य. खोट्या वॉरंटचा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आणि साहेबांना तुम्ही स्वतःच सांगून टाका. एकदा त्यांना माहीत झालं की एजंटच्या हातातली निम्मी ताकद संपते.

क्रेडिट कार्डाचे 4 लाख 20 हजार दाखवतायत. एजंट म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत दीड लाख माझ्या नंबरवर पाठवा, फाइल बंद करतो. पाठवू का? (नाशिक)

नको. एक रुपयासुद्धा नको.

रक्कम वाईट आहे असं नाही. जुन्या थकलेल्या कार्डावर अशी तडजोड होते. पण सेटलमेंट करते बँक, एजंट नाही. असे पैसे एजंटच्या खात्यात गेले, तो नोकरी सोडून गेला आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचा फोन आला, अशा लोकांसमोर मी बसलोय. त्यांच्या हातात फक्त यूपीआयची पावती असते आणि बँक म्हणते, आमच्याकडे काही आलं नाही.

आधी पत्र, मग पैसे. पत्र बँकेच्या लेटरहेडवर असावं आणि बँकेच्या अधिकृत ईमेलवरून यावं. त्यात तुमचा खाते किंवा कार्ड नंबर, एकूण येणं, ठरलेली रक्कम, ती किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना भरायची, आणि त्यानंतर या खात्यावर काहीही येणं राहणार नाही, असं स्पष्ट वाक्य हवं. हे शेवटचं वाक्य नसेल, तर तो कागद सेटलमेंटचा नाही. भरलेली रक्कम मग ‘थकबाकीपोटी’ जमा होते आणि उरलेल्यावर व्याज चालूच राहतं. पत्र हातात आलं की शाखेत जाऊन किंवा कस्टमर केअरला फोन करून त्याची खात्री करा. पैसे थेट कार्ड खात्यात भरा आणि शेवटचा हप्ता गेल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या.

‘आजच संध्याकाळपर्यंत’ या शब्दांना घाबरू नका. महिनाअखेर आली की एजंटच्या टार्गेटची तारीख असते, तुमच्या कर्जाची नव्हे. तुमच्याकडे खरोखर दीड लाख आहेत का, की मेव्हणीचे दागिने मोडून आणणार आहात? जमण्यासारखी रक्कमच कबूल करा. सेटलमेंटचा हप्ता चुकला, तर सवलत जाते आणि सगळं येणं पुन्हा उभं राहतं.

याची किंमतही आहे. सिबिलच्या अहवालात खातं ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढची काही वर्षं घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. ज्याला वर्षभरात पूर्ण फेडणं शक्य आहे, त्याने व्याजदर आणि मुदत बदलून मागावी. ज्याला शक्यच नाही, त्याने सिबिलच्या काळजीत उपाशी राहू नये.

आधी फी घेऊन ‘तुमचं कर्ज निम्मं करतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. त्या जे पत्र लिहितील, ते तुम्हीही लिहू शकता.

दोघांचा पगार मिळून 58 हजार, हप्ते 51 हजार. कार्डाचं मिनिमम भरत राहतो, तरी बाकी हलत नाही. अजून एक लोन घेऊन सगळं एकत्र करू का? (डोंबिवली)

बाकी का हलत नाही ते पाहा. समजा कार्डावर 2 लाख आहेत आणि महिन्याचं व्याज साडेतीन टक्के. व्याज झालं 7,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,260. मिनिमम 5 टक्के धरलं, तर तुम्ही भरता 10,000. मुद्दलातून वजा झाले 1,740 रुपये. त्याच महिन्यात दोन हजारांची खरेदी केलीत, तर बाकी वाढली.

नवं लोन तेव्हाच, जेव्हा व्याज खरंच कमी असेल आणि कार्ड त्याच दिवशी कात्रीने कापाल. एरवी नको. क्रम असा लावा: घरातलं धान्य, औषधं, मुलांची फी, मग घराचं कर्ज, कारण तिथे 2002च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा मागू शकते, मग ज्या कर्जाला कुणी जामीन राहिलंय ते. विनातारण कर्ज आणि कार्ड शेवटी. कर्ज आणि पगार एकाच बँकेत असतील, तर पगाराचं खातं दुसरीकडे न्या. नाहीतर घरखर्चाआधी बँक हात घालते.

मिस्टर मार्चमध्ये गेले. त्यांच्या पर्सनल लोनसाठी माणसं घरी येतात, म्हणतात, बायको म्हणून तुम्हालाच भरावं लागेल. (सांगली)

ताई, बायको असणं म्हणजे कर्जदार असणं नव्हे. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही आहे का, एवढंच आधी पाहा. नसेल, तर बँकेचा हक्क त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरता आहे. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन यावर नाही. त्यांच्या पीएफच्या पैशाला कायद्याचं संरक्षण आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874च्या कायद्याखाली तुमच्या नावे काढलेल्या विम्यालाही आहे.

आणखी एक. अनेक पर्सनल लोनसोबत कर्जाचा विमा काढलेला असतो आणि घरच्यांना ते माहीतच नसतं. लोनच्या स्टेटमेंटमध्ये सुरुवातीला विम्याचा हप्ता कापलाय का ते बघा. कापला असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून बँकेकडे लेखी क्लेम मागा. तोवर कोणत्याही कोऱ्या किंवा ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही करू नका.

गावातल्या एकाकडून 2 लाख घेतले, शेकडा दहाने. व्याजच तीन लाख गेलं. त्याने एक एकराचं खरेदीखत करून घेतलंय, म्हणतो जमीन आता माझी. (लातूर जिल्हा)

शेकडा दहा महिन्याला, म्हणजे वर्षाला एकशेवीस. 2014च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांवर जाता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुप्पट म्हणतात ती हीच. आणि परवाना नसताना सावकारी करणं हा तर 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

तुमची जमीन परत मिळू शकते. सावकारीपोटी झालेलं खरेदीखत गेल्या 15 वर्षांतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. चौकशीत सावकारी सिद्ध झाली, तर ते खत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. अर्जासोबत खरेदीखताची नक्कल, सातबारा, फेरफार आणि व्याज दिल्याच्या बँक किंवा यूपीआय नोंदी लावा. खतानंतरही जमीन तुम्हीच कसत असाल आणि खतातली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरापेक्षा, फारच खाली असेल, तर हे दोन मुद्दे ठळक मांडा. त्यानेच गावात आणखी कुणाकुणाची खतं करून घेतली असतील, तर त्यांनाही सोबत घेऊन जा. एकट्याचा अर्ज दबतो, चौघांचा दबत नाही.

बँकेकडून लोकअदालतीची नोटीस आलीय. गेलो तर अडकवतील का? (रत्नागिरी)

जा. ती शिक्षेची जागा नाही, तडजोडीची आहे आणि तुमच्या संमतीशिवाय तिथे काहीही ठरत नाही. फक्त सही करण्याआधी हप्त्याची रक्कम दोनदा वाचा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. वकील परवडत नसेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. जाताना पगाराची स्लिप, औषधांची बिलं आणि घरखर्चाचा कागद घेऊन जा. समोरच्या अधिकाऱ्यालाही वर दाखवायला काहीतरी हवं असतं. मी त्या खुर्चीत असताना, असा कागद घेऊन आलेल्या माणसासाठी वरच्यांकडून जास्त सूट मागून आणायचो.