दर अठरा वर्षांनी तेच ग्रहण परत येतं म्हणतात, मग आपल्याला ते दिसत का नाही?

येतं, पण आठ तास उशिरा येतं. सगळी गोम त्या आठ तासांत आहे.

१६ फेब्रुवारी १९८०. मी नऊ वर्षांचा, सांगलीजवळच्या आमच्या गावी. आजीने दारं-खिडक्या लावून सगळ्या पोरांना माजघरात बसवलेलं, पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान. दुपारी साडेतीनच्या पुढे उजेड विटल्यासारखा झाला आणि कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर पडणारे गोल कवडसे बघता बघता नखाच्या कोरीएवढे उरले. कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र असतं, हे मला फार पुढे कळलं. आजीने ग्रहण बघू दिलं नाही, पण ते घरातच आलं होतं. बाहेर गल्लीत 'दे दान, सुटे गिराण' चालू होतं. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेकडून, अंकोला, हुबळी, रायचूर करत कोणार्ककडे गेला.

आता हिशोब. सूर्यग्रहणाला अमावास्या लागते, पण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला जमत नाही. चंद्र राहू किंवा केतूपाशी, म्हणजे त्याची कक्षा सूर्याच्या वाटेला छेदते त्या पातबिंदूजवळही असावा लागतो. २२३ चांद्रमासांचे (अमावास्या ते अमावास्या एक) दिवस होतात ६५८५.३२. चंद्र त्याच पाताशी २४२ वेळा येतो ६५८५.३६ दिवसांत. आणि पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर कमी-जास्त होण्याची २३९ आवर्तनं भरतात ६५८५.५४ दिवसांत. तीन वेगळी घड्याळं जवळजवळ एकाच वेळी ठोके देतात, म्हणून ग्रहण नुसतं परत येत नाही, तर साधारण त्याच जातीचं येतं. याला सारोस चक्र म्हणतात: १८ वर्षं ११ दिवस ८ तास (मध्ये पाच लीप वर्षं आली तर १० दिवस). बॅबिलोनच्या लोकांना हे नुसत्या नोंदी ठेवून सापडलं होतं. 'सारोस' हे नाव मात्र एडमंड हॅलीने १६९१ मध्ये चिकटवलं, तेही चुकीच्या समजुतीने.

ते .३२ म्हणजेच तुमचे आठ तास. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि पट्टा तेवढाच पश्चिमेला सरकतो. आमच्या १९८० च्या ग्रहणाचंच बघा. ते परत आलं २६ फेब्रुवारी १९९८ ला, पण कोलंबिया, व्हेनेझुएला आणि कॅरिबियन बेटांवर. पुन्हा आलं ९ मार्च २०१६ ला, इंडोनेशियात. आपण आपले इथे वाट बघत बसलेलो.

चंद्रग्रहणाचं बरं असतं, ते निम्म्या पृथ्वीवरून दिसतं. १६ जुलै २००० चं खग्रास आपल्याकडे संध्याकाळी होतं. त्याचंच पुढचं, २७ जुलै २०१८ चं, मध्यरात्रीनंतर. दोन्ही गुरुपौर्णिमेला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, त्यामुळे किती जणांना दिसलं ते ढगांनाच ठाऊक. त्यानंतरचं ७ ऑगस्ट २०३६ ला आहे, पण त्या ग्रहणाचा मध्य आपल्या सकाळी आठच्या पुढे. तोवर आपला चंद्र मावळलेला असेल.

'तेच ग्रहण' म्हणताना थोडं जपून. ६५८५.३२ आणि ६५८५.३६ यांतला जो पाऊण-एक तासाचा फरक आहे, त्याने प्रत्येक फेरीत पट्टा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. अठरा-अठरा वर्षांनी येणाऱ्या अशा ग्रहणांची एक मालिका एका ध्रुवाशी जन्मते, बाराशे-तेराशे वर्षं चालते आणि दुसऱ्या ध्रुवाशी संपते. एका वेळी सूर्यग्रहणांच्या चाळीसेक मालिका चालू असतात. म्हणून तर दर वर्षी कुठे ना कुठे ग्रहण असतंच, अठरा वर्षं थांबावं लागत नाही.

तीन फेऱ्या झाल्या की आठ त्रिक चोवीस, पूर्ण दिवस होतो आणि ग्रहण पुन्हा आपल्या बाजूला येतं. म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर. १९८० मध्ये ५४ मिळवा: २० मार्च २०३४, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. आमच्या मालिकेचा पट्टा उत्तरेला सरकतोय, म्हणून या वेळी कर्नाटक नाही, काश्मीर-लडाखचा भाग. महाराष्ट्रात खंडग्रासच दिसेल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा असेन. गुडघे साथ देत असले तर कारगिलला जायचा बेत आहे, नाहीतर गावच्या माजघरात कवडसे बघेन. कौलं अजून बदललेली नाहीत.