पडक्या वाड्याला नोटीस लागते, पण वाडा तसाच राहतो : पुढे काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : तालुक्याच्या गावी आपल्या घराला लागून असलेला जुना वाडा मोडकळीस आला आहे, त्याचे सहहिस्सेदार पुण्या-मुंबईला राहतात, रस्त्याकडच्या खणात एक जुना भाडेकरू दुकान चालवतो आणि नगरपरिषद दर मे महिन्यात दारावर नोटीस चिकटवण्यापलीकडे काही करत नाही. अशा प्रकरणांचा पाठपुरावा मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पावसाळ्यापूर्वीची ती नोटीस बहुतेक ठिकाणी छापील असते. नावाची जागा भरायची, खाली ‘दुर्घटना घडल्यास नगरपरिषद जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य घालायचे आणि जावक क्रमांक टाकून मोकळे व्हायचे, अशी ती पद्धत आहे. परंतु असे वाक्य लिहिल्याने कायद्याने टाकलेले कर्तव्य संपत नाही. ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965’ याचे कलम 195 पडावयास आलेल्या आणि रहिवाशांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोकादायक झालेल्या बांधकामांविषयी आहे. मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून दुरुस्ती करून घेणे, टेकू देववणे किंवा धोकादायक भाग उतरवून घेणे हा त्या कलमाचा हेतू आहे. म्हणून आपल्या पुढील अर्जात ‘कारवाई करावी’ असे मोघम न लिहिता, कलमाचा उल्लेख करून नेमके काय हवे ते लिहावे : नगर अभियंत्याकडून स्थळपाहणी व पंचनामा, इमारतीची वर्गवारी, आणि मालकाने मुदतीत काम न केल्यास नगरपरिषदेने काय करायचे ठरवले आहे याचे लेखी उत्तर. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, आवक शिक्क्याची पोच घ्यावी आणि तोंडी आश्वासनावर परत येऊ नये.

वर्गवारीचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. ‘सी-1’ म्हणजे राहण्यास अयोग्य आणि तातडीने उतरवण्याची. ‘सी-2ए’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याची. ‘सी-2बी’ म्हणजे रिकामी न करता तशी दुरुस्ती करण्याची. ‘सी-3’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नुसत्या ‘धोकादायक’ शब्दाखाली सगळे वाडे एकाच यादीत पडून राहतात. वर्गवारी झाली की पुढची पायरी टाळणे अवघड जाते. इमारत किती जुनी आहे यावरून मात्र अंदाज बांधू नये. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळून 16 जणांचा बळी घेणारी पाच मजली इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. उलट नीट राखलेला शंभर वर्षांचा वाडाही ठणठणीत असू शकतो. पाहायचे ते भिंतीला आलेला फुगवटा, तुळईचे भिंतीत शिरणारे टोक कुजले आहे का, माळवदाची माती भिजून वजन वाढते का, आणि दगडांच्या सांध्यांतून पिंपळ किती आत गेला आहे. (तो पिंपळ वरचेवर छाटून काही साधत नाही, मूळ आत पसरतच राहते. झाड मोठे झाले असेल, तर तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.)

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण पाठवलेल्या अर्जाच्या मसुद्यात भर आहे तो ‘माझ्या खोलीत ओल येते’, ‘माझे नुकसान होते’ यावर. अशा अर्जाकडे कार्यालय दोन शेजाऱ्यांतला खासगी वाद म्हणून पाहते आणि ‘आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी’ असे उत्तर देऊन फाइल बंद करते. त्याच वाड्याची दुसरी भिंत बोळात फुगली आहे आणि त्या बोळातून मुले शाळेत जातात, हे आपण शेवटच्या ओळीत लिहिले आहे. ते पहिल्या ओळीत यायला हवे. हा केवळ मांडणीतला फरक नाही. इमारत पडून शेजारच्यांना किंवा वाटसरूंना इजा होण्याचा संभव असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, ती दुरुस्त करण्याचा, तिला आधार देण्याचा किंवा ती हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते; 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलला. आदेश मान्य नसेल तर मालकाने हजर होऊन कारण दाखवायचे असते. नगरपरिषदेकडे पोच घेतलेले दोन अर्ज, तारखेसह छायाचित्रे आणि एखाद्या स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय जोडून हा अर्ज बोळातील पाच-सहा घरांच्या सह्यांनी गेला, तर त्याला वजन येते. माझ्या पाहण्यात, वर्षानुवर्षे हललेली नाहीत अशी प्रकरणे प्रांत कार्यालयाची नोटीस निघाल्यावर हलली आहेत, कारण तेव्हा नगरपरिषदेलाही आपला अहवाल सादर करावा लागतो.

मालक सापडत नाहीत, ही सबब आपल्याला अनेकदा ऐकावी लागेल. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढावा. घरपट्टीच्या नोंदीवर विसंबू नये. ती नोंद कर कोणाकडून वसूल करायचा हे सांगते, मालकी सिद्ध करत नाही. वारसनोंद झालेली नसेल, तर पत्रकावर आजोबांचेच नाव असेल. तरीही ज्ञात वारसांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस जावी, असा आग्रह धरावा. एकालाच नोटीस गेली की बाकीचे ‘आम्हाला कळवलेच नाही’ म्हणून न्यायालयात जातात आणि आणखी एक पावसाळा निघून जातो.

राहिला भाडेकरू. तो दुकान सोडत नाही म्हणून त्याच्यावर राग धरण्यापूर्वी त्याची भीती समजून घ्यावी : वाडा पडला की आपला हक्कही गेला, असे त्याला वाटते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले की, इमारत पाडली गेल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही. हे त्याला कोणी सांगितले, तर तो आपल्या अर्जावर सहीसुद्धा करील. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 14 नुसार जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम आहे. मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्याच्या रकमा पाहता या तरतुदीतून फार तर चार कौले बदलतील, हे खरे आहे.

आपण स्वतः मजूर लावून त्यांची भिंत उतरवण्याचा जो विचार लिहिला आहे, तो कृपया सोडून द्यावा. भिंत सामाईक असली तरी दुसऱ्या बाजूला न कळवता ती पाडल्यास फिर्याद आपल्यावरच होईल, आणि वाड्याचा उरलेला भाग त्याच भिंतीवर टेकलेला असल्यास तो आपल्याच अंगणात येईल. आपल्या हद्दीत मात्र गिलावा करणे, कौले चाळणे यांसारखी किरकोळ कामे आहे त्याच उंचीवर विनापरवाना करता येतात, तेवढी पावसापूर्वी उरकावीत. प्रांतांकडील अर्जाची तारीख लागेपर्यंत त्या भिंतीलगतच्या खोलीत कोणी झोपू नये, आणि बोळाच्या तोंडाशी अडथळे व फलक लावण्याची मागणी नगरपरिषदेकडे आजच वेगळ्या अर्जाने करावी. या कामाला निविदा लागत नाही.