अमेरिकेतल्या छोट्या गावातला रोडिओ क्लब सुरू कसा झाला आणि शंभराहून जास्त वर्षं टिकला कसा?

रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या कौशल्याचे सामने: उधळत्या घोड्यावर टिकून बसणं, दोर टाकून गुरं पकडणं वगैरे. असे सामने भरवणाऱ्या क्लबांपैकी ओरेगन राज्यातल्या पेंडलटन गावाचा इतिहास मला सगळ्यात बोलका वाटतो, म्हणून तोच सांगतो.

4 जुलै 1909 ला तिथे राष्ट्रीय सणाचा कार्यक्रम झाला. उधळणाऱ्या घोड्यांवरची स्वारी, मूळ रहिवाशांची नृत्यं, पोत्यात पाय घालून धावण्याच्या शर्यती असं सगळं त्यात होतं. प्रतिसाद बघून व्यापारी मंडळींनी 1910 मध्ये रीतसर संस्था नोंदवली आणि वकील रॉय रॅली अध्यक्ष झाले. तारीख ठरवली सप्टेंबरची. भोवताली सगळा गव्हाचा मुलूख. तोवर कापणी उरकते, शेतकऱ्याच्या हातात पैसा आणि वेळ दोन्ही असतात. गुरंवाल्यांनाही तेव्हाच सवड मिळते. गाव साडेचार हजारांचं आणि पहिल्याच दिवशी सात हजारांच्या आसपास माणसं आली. हाताखाली माणसं हवीत म्हणून गावातली दुकानं बंद ठेवली होती.

टिकण्याचं मुख्य कारण इथेच आहे. खेळ बाहेरच्या ठेकेदाराला दिला नाही. संचालक बिनपगारी, प्रत्येकाकडे एक खातं: मैदान, जनावरं, मिरवणूक, प्रेक्षागृह. उमाटिला, केयूस आणि वाल्ला वाल्ला या मूळ रहिवाशांच्या जमातींना सुरुवातीपासून बोलावलं, त्यांचे तीनशेच्या आसपास टिपी तंबू आजही मैदानामागे उभे राहतात. संध्याकाळी पाहुण्यांना काही उद्योग हवा म्हणून 1914 पासून ‘हॅपी कॅन्यन’ हा रात्रीचा खेळ सुरू केला. त्यातल्या भूमिका अनेक घरांत बापाकडून मुलाकडे जातात.

सुरुवातीच्या स्वाऱ्या आजच्यासारख्या नव्हत्या. घोडा आत धरून ठेवायचे लाकडी कप्पे नव्हते. भर मैदानात त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, दुसऱ्या घोडेस्वाराने त्याचा दोर आवळून धरायचा, मग खोगीर चढवायचं. घोड्यावर आठ सेकंद टिकून राहण्याचा नियमही नंतरचा. आज एकच हात लगामावर, मोकळा हात घोड्याला किंवा खोगिराला लागला की स्वार बाद. पहिल्या उडीत घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात, तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर हव्यात. लगाम किती लांब धरायचा हे घोडा बघून ठरतं. आखूड धरला तर घोड्याने मान खाली घालताच स्वार पुढे फेकला जातो, फार सैल धरला तर तोल सावरायला आधारच उरत नाही.

1911 ची या स्वारीची अंतिम फेरी अजून वादाची आहे. जॉन स्पेन हा गोरा, जॉर्ज फ्लेचर कृष्णवर्णीय आणि जॅक्सन सनडाऊन नेझ पर्स जमातीचा. पंचांनी स्पेनला विजेता ठरवलं, लोकांचा कौल फ्लेचरला होता. शेरीफ, म्हणजे तिथले पोलीस प्रमुख, टिल टेलर यांनी फ्लेचरची टोपी घेतली, तिचे तुकडे करून विकले आणि पैसे त्याला दिले. माझ्या मते तो निकाल रंग बघून लागला. 1916 मध्ये सनडाऊनने पन्नाशी ओलांडल्यावर विजेतेपद मिळवलं. फ्लेचरचा कांस्य पुतळा गावात उभा राहायला मात्र 2014 उजाडलं.

1929 मध्ये बॉनी मॅक्कॅरोल घोड्याखाली सापडली आणि काही दिवसांनी वारली. तेव्हा स्त्रियांना दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधून बसू देत. त्याने पाय हलत नाहीत, बैठक पक्की वाटते. पण घोडा कोलमडला की पाय सुटत नाही आणि स्वार बाजूला फेकला जाण्याऐवजी खाली चिरडला जातो. बंद करायची होती ती ही बांधणी. संस्थेने स्त्रियांची उधळत्या घोड्यांवरची स्वारीच बंद केली, आणि त्या काळातल्या निष्णात स्त्री-स्वारांच्या हातून एक मोठं मैदान गेलं. या क्लबच्या इतिहासातला हा मला सगळ्यात चुकीचा निर्णय वाटतो.

मैदानाबद्दलही सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी भुसभुशीत माती असते, इथे मधोमध हिरवळ आणि भोवती मातीची धावपट्टी. दोर टाकणाऱ्याचा घोडा मागच्या पायांवर बसून थांबतो. मातीत खूर रुततात, गवतावर तेच पाय घसरतात, आणि भरधाव वळताना घोडा आडवा होऊ शकतो. म्हणून काही जण पकड असलेले नाल मारून घोडे आणतात. बैलाला शिंगांना धरून लोळवणाऱ्यांचीही हीच अडचण: टाच रोवायला जमीन मिळत नाही.

1940 मध्ये प्रेक्षागृह जळालं, तरी त्या वर्षीचा खेळ झाला. खंड पडला तो 1942 आणि 1943 मध्ये महायुद्धामुळे, त्यानंतर थेट 2020 मध्ये कोविडमुळे.