पाटल्या विकल्या तेव्हा प्यायलेले होतात, पण आता?

ताई, मी ४४ वर्षांचा आहे, आनंदनगरात राहतो. दारू सोडून चौदा महिने झाले. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला नियमित जातो, शेअरिंग करतो, म्हणजे आपले अनुभव सांगतो. नवे लोक म्हणतात, तुमचं ऐकून बळ येतं. आता स्पॉन्सर, म्हणजे मला वाट दाखवणारा गटातला जुना सदस्य, चौथी पायरी (स्वतःच्या चुकांचा लेखी झाडा) लिहायला सांगतोय आणि माझ्याने वही उघडवत नाही. पिण्याच्या दिवसांत बायकोच्या पाटल्या मी विकल्या. आळ घरकामाच्या मावशींवर आला, मी गप्प बसलो. सोसायटीतल्या तिन्ही घरांनी त्यांना काढलं. बायकोला अजून तेच खरं वाटतं. तिला सांगितलं तर संसार मोडेल. मीटिंगमध्ये सांगून टाकलं तर सुटेन का?
– एक वाचक, सिंहगड रोड

नाही, सुटणार नाही.

मीटिंगमध्ये तुम्ही काय सांगत असाल याचा अंदाज येतो. रस्त्यात पडलो, पोराच्या स्नेहसंमेलनाला झिंगून गेलो, नोकरी गेली. सगळं खरंच असणार. पण सांगून सांगून ते गुळगुळीत झालंय. लोक कुठे हसतात हेही तुम्हाला आता पाठ असेल. शिवाय त्यात तुमची स्वतःची फजिती आहे, दुसऱ्याचं केलेलं वाटोळं नाही. नव्या माणसाला त्याने धीर येतो, म्हणून ते बंद करू नका. फक्त त्याला आत्मपरीक्षण समजू नका.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात ए.ए.चे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेव्हा बिलनी उपदेश केला नाही, आपलं पिणं सांगितलं. एका दारुड्याने दुसऱ्याला. पुढे १९३९ मध्ये ए.ए.च्या बारा पायऱ्या छापून आल्या, त्यातही हेच आहे. चौथीत लिहायचं. पाचवीत देवापाशी, स्वतःपाशी आणि एका माणसापाशी कबूल करायचं. एका, भरल्या खोलीसमोर नव्हे. भरपाईची पाळी येते थेट आठवी-नववीला. तुम्ही मात्र चौथीच्या दारातच नववीची धास्ती घेऊन बसला आहात.

चौथी पायरी लिहिताना आपल्या रागाची आणि भीतीची यादी करतात. रागाच्या यादीत मावशी सापडणार नाहीत, कारण तुमचा त्यांच्यावर राग नाहीच. भीतीच्या यादीत त्या सापडतील. ‘बायको सोडून जाईल’ असं लिहाल, त्याखाली तुमचा वाटा लिहावा लागेल. तो लिहिताना एक भान ठेवा. पाटल्या विकल्या तेव्हा तुम्ही प्यायलेले होतात. गेले चौदा महिने पूर्ण शुद्धीत आहात आणि तरी गप्प आहात. हे दुसरं वाक्य आधी लिहा. पहिल्याचं खापर दारूवर फोडता येतं, याचं नाही.

मग वही घेऊन स्पॉन्सरकडे जा आणि वाचून दाखवा. लिहिताना तलफ उसळली, झोप उडाली, तर त्याच रात्री त्याला फोन करा.

बायकोला सांगायचंच आहे, पण ते त्यानंतर. नवव्या पायरीत सवलत आहे: भरपाई करताना कुणाला इजा होणार असेल तर थांबावं. ही सवलत लोक स्वतःसाठी वापरतात. तुमच्या पत्रातला ‘संसार मोडेल’ त्याच जातीचा आहे. तुम्ही गप्प बसलात म्हणून तिने एका निरपराध बाईला घालवलं, हे ओझं आता तिच्यावर पडणार. म्हणून समुपदेशकासमोर सांगा. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी गट चालतो. तिला जावंसं वाटलं तर जाऊ द्या, आग्रह नको. ती चिडेल, कदाचित माहेरीही जाईल. तो तिचा हक्क आहे.

मावशी आता कुठे आहेत, पोट कसं भरतात, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. आधी ते शोधा. त्यांचा बुडालेला पगार तुम्ही देणं लागता, हप्त्याने का होईना. पण पगारापेक्षा गेलं ते नाव. सोसायटीतल्या त्या बाकीच्या दोन्ही घरी जाऊन ‘चोरी मी केली होती’ हे तुम्हालाच सांगावं लागेल. मावशींकडे जाताना पेढे-बिढे नेऊ नका. आजाराची कहाणी सांगत बसू नका. माफी मागा, पण ती मिळावी म्हणून तिथे रेंगाळू नका. त्यांनी दार लावून घेतलं तरी पैसे पोचते करायचेच. आणि त्या संध्याकाळची मीटिंग आधीच ठरवून ठेवा.