एका दाढेवरून दहा फुटी वानर? हे थोतांड नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९३५ साली हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात एक दात सापडला, आणि तेवढ्यावरून शास्त्रज्ञांनी दहा फूट उंचीचा 'जायगँटोपिथेकस' नावाचा नामशेष वानर उभा केला. यावर विश्वास कसा ठेवायचा?

प्राण्यावर ठेवा, दहा फुटांवर ठेवू नका. मी दातांचा डॉक्टर आहे, जीवाश्मांचा नाही, त्यामुळे जबड्यापुरतं ठामपणे बोलतो.

राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड हे जीवाश्मतज्ज्ञ तेव्हा जावात काम करत होते. चिनी औषधांच्या दुकानांत 'ड्रॅगनची हाडं' आणि 'ड्रॅगनचे दात' कुटून औषधात घालायला विकतात, हे त्यांना ठाऊक होतं. हे ड्रॅगन म्हणजे गुहांतून खणून काढलेले हत्ती, गेंडे, हरणं. असल्या मालात त्यांच्या हाती खालच्या जबड्यातली उजवीकडची एक अक्कलदाढ लागली. लांबी सुमारे २२ मिलिमीटर. काल दवाखाना बंद करताना मी बाटलीतली एक काढलेली अक्कलदाढ व्हर्नियरवर मोजली, ११ भरली. लांबी-रुंदी दुप्पट धरली तर चावायचा माथा चौपट झाला. तळहातावर ठेवली तर बोराएवढी दिसेल.

पण नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरायला लावायचे. खालच्या पहिल्या दाढेवर पाच उंचवटे आणि त्यांच्यामधून इंग्रजी 'वाय'सारखी जाणारी खाच. माझे उंचवटे जोडीजोडीने चिकटायचे. सर म्हणायचे, "माकडाची केलीस!" मला वाटायचं शिवी देतायत. ते अक्षरशः खरं होतं: माकडांच्या दाढेवर उंचवटे जोडीने जुळून आडवे बांध घातल्यासारखे दिसतात. पाच उंचवटे आणि 'वाय' ही ठेवण गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपली. (मराठीत या मंडळींना 'वानर' म्हटलं की डोळ्यांपुढे शेपूट येते. यांना ती नसते. पुस्तकात 'कपी' म्हणतात, पण बोलताना कोण म्हणतं?) त्यामुळे जाणत्या माणसाला एका दाढेवरून हा कपीच, आणि आजवर न पाहिलेला, एवढं छातीठोक सांगता येतं. कोनिग्सवाल्ड यांनी त्याचं नाव ठेवलं जायगँटोपिथेकस ब्लॅकी. हे ब्लॅक म्हणजे पेकिंग मानवावर, म्हणजे चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवावर, काम करणारे डेव्हिडसन ब्लॅक, जे आदल्याच वर्षी वारले होते.

पुढच्या चार वर्षांत दुकानं धुंडाळून हाती आले एकूण चार दात. मग महायुद्ध आलं, कोनिग्सवाल्ड जपान्यांच्या कैदेत गेले, आणि ते दात दुधाच्या बाटलीत घालून जावातल्या एका परसात पुरलेले राहिले. तिकडे अमेरिकेत आदिमानवांचे अभ्यासक फ्रान्झ वायडेनराइख यांनी दातांच्या नुसत्या साच्यांवरून निष्कर्ष काढला की हा कपी नव्हे, राक्षसी माणूस, आपला पूर्वज. दाढेचं एनॅमल (वरचं कडक कवच) जाड, माथा माणसासारखा, त्यामुळे माणूस फसू शकतो. वायडेनराइख यांच्यासारखा माणूस मोजक्या दातांवर फसला, हे तुमच्या शंकेच्या बाजूने मी स्वतःच सांगून टाकतो.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९५६ साली दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतात एक शेतकरी खतासाठी गुहेतली माती खणत होता, त्याला अख्खा खालचा जबडा मिळाला. चिनी जीवाश्मतज्ज्ञ पेई वेनचुंग यांच्या पथकाने ती ल्योचंगची गुहा उपसली. तिथून तीन जबडे आणि हजाराच्या आसपास दात निघाले. आज एकूण हिशेब चार जबडे आणि जवळपास २,००० दात असा आहे. म्हणजे 'एका दाढेवरून' हे आता खरं नाही. त्यांत किडलेल्या दाढाही बऱ्याच आहेत, हे वाचून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

बाकी हाडं कुठे गेली? साळिंदरांनी खाल्ली. साळिंदर हाडं बिळात ओढून नेतं आणि क्षारांसाठी कुरतडतं. एनॅमल त्याला पेलत नाही. म्हणून कित्येक दातांची मुळंसुद्धा गायब आहेत, शिल्लक आहे ती वरची टोपी.

त्या टोपीतूनच २०१९ साली कमाल झाली. तिथल्या दमट उकाड्यात डीएनए टिकत नाही, पण १९ लाख वर्षं जुन्या एका दाढेच्या एनॅमलमधून प्रथिनं मिळाली. ती जुळवून पाहिल्यावर सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला ओरांगउटान. दोघांच्या वाटा सुमारे १ कोटी ते १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या. २०२४ साली २२ गुहांच्या अभ्यासातून शेवटही कळला: २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वी. ६-७ लाख वर्षांपूर्वीपासून जंगल विरळ होत गेलं, बारमाही फळं मिळेनाशी झाली. ओरांगउटानने खाणं बदललं, हा साली-काटक्या चघळत राहिला. दात वाढताना त्यात जे थर बसतात, त्यांत त्याची ही आबाळ दिसते.

आता दहा फूट. मांडीचं हाड नाही, खांदा नाही, कवटीसुद्धा नाही. तीन मीटर आणि २०० ते ३०० किलो हे आकडे दात-जबड्यांवरून ताणलेले आहेत. आणि दातावरून अंग मोजणं किती फसवं असतं! पूर्व आफ्रिकेतला पॅरान्थ्रोपस बोइसी हा माणसाचा नामशेष भाऊबंद घ्या: दाढा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, पण गडी आपल्याहून ठेंगणा. जायगँटोपिथेकस मोठा होता यात शंका नाही, जबड्याची जाडी तेच सांगते. पण संग्रहालयात दोन पायांवर उभा, लालसर केसांचा पुतळा दिसला तर त्यातला जबडा तेवढा खरा धरा.

ता.क. भारतातही याचा चुलत-पूर्वज म्हणावा असा एक आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगरजवळ मिळालेला जबडा १९६८ साली संशोधकांच्या हाती आला. आधी त्याला जायगँटोपिथेकस बिलासपुरेन्सिस म्हणायचे, आता इंडोपिथेकस म्हणतात. वय सुमारे ८५ लाख वर्षं. तिथेही सापडलं काय, तर जबडाच.