वर्षानुवर्षे पडून राहिलेली जुनी मोटरसायकल घरी चालू करता येते का? सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे : सुमारे 18 वर्षे शेडमध्ये उभी असलेली एक सिलिंडरची, पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी दोन-स्ट्रोक मोटरसायकल तुमच्या हाती आली आहे, किक जराही खाली जात नाही, मेकॅनिकने न बघताच ‘इंजिन पूर्ण खोलावे लागेल’ असे सांगितले आहे, आणि हे काम घरी, साध्या हत्यारांनी जमेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. जमते. मी अशीच एक गाडी 8 महिन्यांत रस्त्यावर आणली. मात्र त्यातले निम्मे दिवस मी पहिल्याच संध्याकाळी केलेली चूक निस्तरण्यात गेले, म्हणून उत्तराची सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

किक जाम आहे हे कळल्यावर मी तिच्यावर उभा राहिलो. आतून ‘कट्’ असा आवाज आला, आणि मला वाटले की इंजिन सुटले. प्रत्यक्षात किकच्या गिअरचे दोन दात तुटले होते आणि पिस्टन तसूभरही हलला नव्हता. इतकी वर्षे पडून राहिलेल्या इंजिनाचे खरे नुकसान अनेकदा ते सापडल्यानंतरच्या अशा उत्साहात होते. तेव्हा तूर्तास किकला पाय लावू नका, आणि सगळी गाडी सुटी करण्याच्या मोहातही पडू नका. एका वेळी एकच भाग उघडावा, तो पूर्ण करावा आणि जागेवर बसवून मगच पुढच्याला हात घालावा. उघडण्यापूर्वी प्रत्येक वायरचा आणि वॉशरचा फोटो काढून ठेवावा, कारण चार आठवड्यांनी आपल्याला काहीही आठवत नाही.

दोन-स्ट्रोक इंजिनाची एक मोठी सोय अशी, की ते न उघडता आत डोकावता येते. सायलेन्सर काढा (माझ्या गाडीच्या सायलेन्सरमधून उंदराने कुरतडलेली मूठभर रद्दी निघाली), आणि एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा. पिस्टन कुठे अडकला आहे त्यानुसार त्याची बाजू किंवा रिंगा समोर दिसतात. रिंग दिसत असेल तर बोथट लाकडी काडीने ती हळूच दाबून पाहा. दबून परत बाहेर आली तर ती मोकळी आहे, दगडासारखी घट्ट राहिली तर खाचेत चिकटली आहे. बोरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तांबूस धूळ दिसत असेल तर आशा ठेवण्यास हरकत नाही. बोटाच्या नखाला लागणारे खड्डे असतील, तर आज ना उद्या बोरिंग (सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करणे) आणि नवा पिस्टन अटळ आहे, हे मान्य करूनच पुढे जावे.

यानंतर प्लग काढून त्या भोकातून गंज सोडवणारे तेल सोडावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळूनही चांगला परिणाम मिळतो, मात्र हे मिश्रण चटकन पेट घेते आणि ठेवल्यावर वेगळे होते, म्हणून दर वेळी हलवून, मोकळ्या हवेत वापरावे. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) उघडे असतील तर तेल तिथून निसटते. त्यामुळे एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा 4-5 दिवस सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे सोडणे बरे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे झुलवावे. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनापर्यंत चांगला पोचतो आणि किकच्या दातांवर काहीही ताण येत नाही. माझा पिस्टन सहाव्या दिवशी केसभर हलला, आणि त्यानंतर अर्ध्या तासात पूर्ण फेरी झाली. आठवड्याभरानेही काही हलले नाही, तर हेड (सिलिंडरचे झाकण) आणि बॅरल (खुद्द सिलिंडर) काढावे लागेल. तेव्हाही पिस्टनवर लोखंडी हातोडी न मारता लाकडी ठोकळ्याचा आधार घ्यावा.

इंजिन फिरू लागले की करंट पाहावा. पॉइंटच्या तोंडांवर इतक्या वर्षांत एक न दिसणारा थर बसलेला असतो. 600 नंबरच्या पॉलिश पेपरने ती तोंडे हलकेच घासून, नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेला जाड कागद त्यांच्यामधून ओढून काढावा. तो काळा निघायचा थांबला की पॉइंट स्वच्छ झाले. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवावा, बहुतेक जुन्या गाड्यांत तो 0.35 ते 0.40 मिलिमीटर असतो. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगची ठिणगी मात्र दुबळी असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा भाग) बदलावा. ठिणगी पाहताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून दूर धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

टाकीतील गंजासाठी अनेकजण हायड्रोक्लोरिक ॲसिड सुचवतात. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. सायट्रिक ॲसिडला वेळ लागतो, पण ते सौम्य आहे : पेट्रोलचा कॉक काढून त्याची जागा बंद करावी, एका लिटर कोमट पाण्यास 50 ते 100 ग्रॅम या प्रमाणात द्रावण भरून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच सुकवून आत थोडे तेल फिरवावे. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ओला उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबडा होतो.

कार्बोरेटरने मला सर्वांत जास्त छळले. गाडी चोकवर (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ ओढून) सुरू होत असे आणि चोक बंद करताच दम तोडत असे. मी कार्बोरेटर दोनदा उघडून, धुऊन, समाधानाने परत बसवला. तिसऱ्या वेळी पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) खिडकीसमोर धरला तेव्हा त्याचे भोक गोल न दिसता चंद्रकोरीसारखे दिसले. वाळलेल्या पेट्रोलचा मधासारखा पिवळा खडा एका बाजूला चिकटून राहिला होता. जेट पितळेचे असतात, त्यामुळे पोलादी तार किंवा सुई घातली तर भोक कायमचे मोठे होते. मी विजेच्या जुन्या वायरमधील तांब्याचा एकच बारीक धागा वापरला, आणि मग क्लीनरचा फवारा आरपार गेला. फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि सर्व गॅस्केट या वेळी नवीनच घालावेत.

सुरू करण्याआधी गिअरबॉक्सचे तेल बदला. जुने तेल दुधासारखे निघाले तर आत पाणी गेले होते असे समजावे. क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर लिव्हर दाबून, दोरीने बांधून एक-दोन दिवस ठेवावा.

पहिल्यांदा चालू करताना टाकी न बसवता सलाइनच्या बाटलीसारखी पेट्रोलची छोटी बाटली उंचावर टांगावी आणि मॅन्युअलमधील प्रमाणात तेल मिसळावे. 20 ला 1 असेल तर एका लिटरला 50 मिलिलिटर. गाडी उघड्यावर असावी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. आधी खूप धूर येईल, कारण आत ओतलेले तेल जळत असते. तो 5-10 मिनिटांत विरळ झाला नाही आणि गिअरबॉक्सचे तेल कमी होऊ लागले, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील गेले आहे. याउलट रेस सोडल्यावरही इंजिन खाली न येता चढतच गेले, तर बहुधा मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या सीलमधून हवा ओढली जात आहे. अशा वेळी चोक देऊन ताबडतोब बंद करावे, अन्यथा पिस्टन वितळू शकतो. माझी दोन्ही सील वाळून लाकडासारखी झाली होती. आज पुन्हा हे काम केले तर मी ती आधीच बदलेन.

रंग, क्रोम आणि सीट यांना गाडी स्वतःच्या बळावर चालेपर्यंत हात लावू नये. ब्रेक आणि टायर यांच्या बाबतीत मात्र मुळीच थांबू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि लायनर शूपासून सुटत चालला आहे का, हे नखाने तपासा. टायरवरील चार अंकी आकडा पाहा : 3704 म्हणजे 2004 सालचा 37 वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर 2000 पूर्वीचा आहे. खाचा कितीही शिल्लक असल्या तरी असे टायर वापरू नयेत.

सगळे जुळले की सुरुवातीला 5-6 किलोमीटरच चालवा, घरी येऊन इंजिन थंड होऊ द्या, हेडचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराइतके पुन्हा आवळा आणि प्लग काढून पाहा. तो तपकिरी असेल तर पुढच्या वेळी थोडे लांब जा. काळा आणि ओला असेल तर चोक किंवा फ्लोटची पातळी तपासा. आणि पांढरा पडला असेल, तर हवा कुठून शिरते आहे ते सापडेपर्यंत गाडी जागची हलवू नका.